‘कृत्तिका’चं शेवटचं पान

१

रेवती मरणार ही बातमी मला बुधवारी सकाळी दूधवालीनं दिली.

"काका, ती यानातच ऱ्हातीया म्हणं. बाकीची समदी सुटत्यात," ती म्हणाली आणि दुधाचं माप तसंच हातात धरून तिनं डोळे पुसले.

रेवती आमच्या गल्लीतली कुणी नव्हे. ‘कृत्तिका’ या मालिकेतल्या अंतराळयानावर यंत्रं सांभाळणारी ती बाई. चंद्रापलीकडे भरकटलेलं यान, त्यात अडकलेली चार माणसं आणि संपत चाललेली हवा, एवढ्या भांडवलावर या मालिकेनं वर्षभर अख्खा जिल्हा टीव्हीपुढे बसवून ठेवला होता. चित्रीकरण इथलंच. यान उभं केलं होतं पन्हाळा रोडवरच्या एका बंद शीतगृहात आणि चंद्र केला होता जोतिबाच्या डोंगरामागच्या दगडाच्या खाणीत. आपल्या खाणीत चंद्र आहे म्हटल्यावर कोल्हापूरचा माणूस ती मालिका बघणार नाही तर काय करणार!

शेवटचा भाग रविवारी संध्याकाळी होता. शेवट कुणाला कळू नये म्हणून कंपनीनं कलाकारांकडून वेगवेगळे शेवट करून घेतले होते आणि खरा कोणता, हे त्यांनाही सांगितलं नव्हतं. मग दूधवालीला कुठून कळलं? मी विचारलं तर तीच माझ्याकडे संशयानं बघायला लागली.

"मोबाइलवर पान आलंय की पुस्तकाचं. तुमास्नी न्हाई आलं?"

दूध आत नेऊन ठेवतोय तोवर फोन वाजला. बसलिंगाप्पा शेट्यांचा. अप्पा माझे जुने स्नेही. उद्यमनगरात त्यांचा छापखाना आणि प्रकाशन. मूळचे गडहिंग्लजकडचे, घरात कानडी, बाहेर मराठी आणि रागावले की दोन्ही एकदम.

"कृष्णात, हाय तसा ये," ते म्हणाले. "माझ्या छापखान्यातनं पुस्तकाचं पान फुटलंय. चोर आमच्यातलाच कुणीतरी हाय."

२

मी काही पोलीस नव्हे. इथल्या एका दैनिकात उभा जन्म गुन्ह्यांच्या बातम्या लिहिल्या, आणि त्यात एक खोड लागली ती कायमची. माणूस काय सांगतो यापेक्षा तो काय सांगायचं विसरला, तिकडे माझं लक्ष जातं. या खोडीपायी नातेवाइकांनी मला लग्नाच्या बैठकीला बोलवायचं सोडलं, पण अप्पांना तिचं कौतुक होतं.

अप्पांच्या खोलीत दोन माणसं आधीच बसलेली. एक टिपणीस, मालिकेच्या कंपनीचे. मुंबईहून रात्रीच्या गाडीनं आले होते आणि त्यांना झोप मिळाली नव्हती हे त्यांच्या प्रत्येक वाक्यातून कळत होतं. दुसरी क्रांती पोवार. तिला मी ओळखत होतो. पुढाऱ्यांच्या आत्मकथा, पैलवानांच्या आठवणी, कारखान्यांच्या स्मरणिका हिनं वर्षानुवर्षं लिहिल्या आणि वर नावं भलत्यांची लागली. ‘कृत्तिका’ मालिकेवरची कादंबरी तिनं लिहिली होती. शेवटचा भाग दाखवून झाला की रविवारीच तिचं प्रकाशन होतं. वेष्टनावर प्रथमच क्रांती पोवार हे नाव छापलं होतं, आणि आता तेच जायची वेळ आली होती.

टिपणिसांनी फोन माझ्यापुढे सरकवला. कादंबरीच्या शेवटच्या पानाचा फोटो. बऱ्याच हातांतून फिरल्यानं पुसट झालेला, कडा कापलेल्या. मजकूर मात्र वाचता येत होता. तिघे सुटतात, दार बंद होतं, आणि रेवती काचेवरची वाफ बाहीनं पुसून जाणाऱ्यांकडे बघत राहते. समासाच्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी हिरवट दिसत होतं.

"कोथिंबीर," टिपणीस म्हणाले. "फोटो स्वयंपाकघरात काढलाय. आणि याच बाईंनी मागच्या महिन्यात मुलाखतीत सांगितलंय, मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिते म्हणून."

"कोथिंबीर काय माझ्या एकटीच्याच घरात येते का?" क्रांतीचा आवाज चढला. "आणि माझ्याकडं प्रतच नाही. मी माझं पुस्तक अजून डोळ्यांनी बघितलेलं नाही, काका!"

"हे कोण म्हणणार नाही?" टिपणीस म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी करार समजावून सांगितला. पान लेखिकेकडून फुटलं तर वेष्टनावरून तिचं नाव काढायचं. प्रकाशकाकडून फुटलं तर कंपनीची पुढची पुस्तकं त्याच्याकडून काढून घ्यायची. "शेटेसाहेबांनी सगळ्यांना विचारलंय. इथून एकही प्रत बाहेर गेलेली नाही. म्हणजे राहिलं कोण?"

अप्पा मान खाली घालून बसले होते. क्रांतीला लहानपणापासून ओळखणारा माणूस, पण त्यांच्या तोंडून तिच्या बाजूनं एक शब्द निघाला नाही. मला त्यांचा राग आला.

तेवढ्यात अप्पांच्या पत्नी गंगव्वा चहा घेऊन आल्या. छापखान्याच्या मागेच घर. अप्पांच्या आईच्या पश्चात छापखान्याचा देवधर्म, हळदीकुंकू, यंत्रांची पूजा सगळं त्यांच्याकडे.

"भांडायचं तर खाऊन भांडा," असं म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या हातावर सुक्या खोबऱ्याचा तुकडा ठेवला. तुकड्याला गुलाबी रंग लागलेला होता. टिपणिसांनी तो रुमालानं पुसला. मी तसाच तोंडात टाकला आणि वर चहा प्यालो.

"शुक्रवारी दुपारी नवी वेष्टनं यंत्रावर चढतील," टिपणीस उठता उठता म्हणाले. "तोवर दुसरं कुणी सापडलं तर बघा. नाहीतर हे नाव त्यावर नसेल."

३

शुक्रवार म्हणजे परवाच. मी थेट बाइंडिंगच्या खोलीत गेलो.

तिथल्या मुख्य कारागिराचं नाव सम्राट. पैलवानकी सोडून पुस्तकं बांधायला लागलेला गडी. एक एक गठ्ठा असा उचलतो की बघणाऱ्याच्या कमरेत कळ यावी. कादंबरीचे सगळे गठ्ठे भिंतीला लावून ठेवले होते आणि प्रत्येकावर कंपनीची चिकटपट्टी होती. मी प्रत्येक पट्टी बोटानं चाचपून पाहिली. कुठंही उचकटल्याची खूण नव्हती.

"एखादी प्रत कुणाला बघायला दिलीस?"

"न्हाई."

"कुणी येऊन नेली?"

"कुठला माणूस येणार? कंपनीचा शिपाई दारात हुता की बसून! म्या सवता मोजून गठ्ठं बांधल्यात. एक बी कमी न्हाई, काका. जोतिबाची आन."

"खराब झालेल्या?"

"त्या फाडल्या, टिपणीस सायबांच्या म्होरंच."

सम्राटला खोटं बोलता येत नाही. एकदा अप्पांनी त्याला फोनवर "मी घरी नाही म्हणून सांग" म्हटलं, तर यानं सांगितलं, "अप्पा म्हणत्यात ते घरी न्हाईत." असल्या माणसावर संशय घ्यायचा तर आधी स्वतःवर घ्यावा लागेल.

तिथूनच मी शिवांजली हिरेमठला फोन लावला. मालिकेची पटकथा तिची. कादंबरीही आपणच लिहावी असं तिला फार वाटत होतं आणि तसं ती चारचौघांत बोललीही होती. म्हणजे क्रांतीचं नाव जावं असं वाटायला तिच्याकडे कारण होतं.

"मला ठाऊकच होतं तुम्ही फोन करणार," ती म्हणाली. "पण काका, त्या पानावरचं ते काच पुसणं माझ्या पटकथेत नाहीच. माझ्याकडे दार बंद होतं, संपलं. ते वाफेचं वाचलं आणि मला क्रांतीचा असा राग आला! मला का नाही सुचलं?"

हा राग खरा होता. लेखकाचा लेखकावरचा राग मी ओळखतो, खोटा आणायला फार अवघड.

पण तिच्या बोलण्यातून एक गोष्ट पक्की झाली. पान पटकथेतलं नव्हतं, कादंबरीतलं होतं. शिवाय फोटोत पानाच्या आतल्या बाजूला शिवणीची सावली पडलेली होती. म्हणजे संगणकातल्या मजकुराचा किंवा सुट्या कागदाचा फोटो नव्हता, बांधलेल्या पुस्तकाचा होता. क्रांतीकडे फक्त मजकूर होता. बांधलेली पुस्तकं सगळीच्या सगळी माझ्यापुढे गठ्ठ्यात होती, आणि त्यातलं एकही कमी नव्हतं.

मग हे पुस्तक कुठलं?

बाहेर क्रांती तिच्या स्कूटरला टेकून उभी होती. मी तिला शिवणीची गोष्ट सांगितली.

"टिपणीस म्हणणार, शेटेअप्पांनी हिला चोरून एक दिली," ती म्हणाली. "आणि अप्पा बोलणार नाहीत. त्यांना पुढची पुस्तकं हवीत." मग तिनं विचारलं, "काका, ते आमदारांचं आत्मचरित्र वाचलंत तुम्ही?"

"वाचलंय. चांगलं आहे."

"त्यातली आईच्या मरणाची हकिकत माझ्या आईच्या आजारपणावरनं लिहिली. लोक त्यांना भेटून रडले. मी तिथंच मागं उभी होते, चहाचा कप घेऊन." ती हसली, पण ते हसू मला बघवलं नाही. "हे एक तरी माझ्या नावावर राहू द्या."

मी तिला शब्द दिला. कशाच्या जोरावर दिला ते मलाही माहीत नव्हतं.

४

संध्याकाळी घरी आलो तेव्हा माझी बायको हौसा भाकरी थापत होती. मी पाटावर बसून तेच ते घोकत होतो, सगळ्या प्रती जागेवर, तरी एक बाहेर.

"पाच टाकल्यात," ती म्हणाली. "आणि एखादी हवी का?"

मी बुट्टीत डोकावलो. भाकरी सहा होत्या. माझ्या स्वभावाप्रमाणे मी लगेच ते बोलून दाखवलं.

"ती खालची पहिली हाय. गाईची," हौसा म्हणाली. "ती कोण मोजतंय व्हय?"

"का नाही मोजत? भाकरीच आहे ना?"

"आवं, ती घरातली कुठं हाय? घरातल्यांच्या पाच."

तिनं तवा पुसला आणि तिच्या हिशेबानं सहावी थापायला घेतली. मी मात्र तसाच बसून राहिलो. सम्राटनं म्हटलं होतं, मी मोजून गठ्ठे बांधले. मोजायला सुरुवात केव्हा केली, हे मी विचारलंच नव्हतं. आणि मी काय विचारलं होतं? कुणाला दिलीस, कुणी नेली. माणसांचीच चौकशी केली होती मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाली दारात आली तेव्हा मी मापाऐवजी तिचा फोन मागितला. तिच्याकडे तो फोटो तिच्या नणंदेकडून आला होता, आणि नणंदेकडे शाहूवाडीहून. त्यामुळे फारसा फिरलेला नव्हता, कडाही शाबूत होत्या. मी तो मोठा करून पाहिला.

कोथिंबिरीचं पान रुंद असतं, कातरलेलं असलं तरी. समासातली डहाळी करडट हिरवी होती, आणि तिची पानं केसांइतकी बारीक. टिपणीस मुंबईचे, त्यांना कोथिंबीर वाटली तर त्यांची चूक नाही. मी कोल्हापूरचा. पुसट फोटो बघून त्यांच्या म्हणण्यावर मान डोलावली याची मला लाज वाटली.

तो दवणा होता. चैत्र चालू होता, आणि चैत्रात आमच्याकडे दवणा कुठल्या देवाच्या पायाशी जातो हे लहान पोरालाही विचारावं लागत नाही. त्याच देवाचं गुलाल लागलेलं खोबरं काल माझ्या हातावर कुणी ठेवलं, तेही मला आठवलं. पुरावा मी चहाबरोबर चावून खाल्ला होता.

५

गंगव्वा अंगणात तांदूळ निवडत होत्या. अप्पा बाजूला पेपर धरून बसले होते, पण वाचत नव्हते.

"वहिनी, कादंबरीची एक प्रत तुम्ही जोतिबाला नेलीत?"

"व्हय की," गंगव्वा म्हणाल्या. त्यांनी मान वरही केली नाही. "म्याच नेलती, आयतवारी."

अप्पांच्या हातातला पेपर खाली आला. "अग, मग मी परवा इचारलं तवा न्हाई का म्हणालीस?"

"तुमी इचारलं, कुणा माणसाला दिलीस काय. माणसाला कुठं दिली? पयली बांधलेली प्रत जोतिबाची. अत्तीच्या काळापास्नं हाय. तुमास्नी ठावं न्हाई व्हय?"

अत्ती म्हणजे सासूबाई. अप्पांना ते नक्कीच ठाऊक होतं. जन्मभर ठाऊक होतं, म्हणूनच ते त्यांच्या डोक्यात आलं नाही. पहिली प्रत बांधून झाली की गंगव्वा ती टेबलावरून उचलणार, गुलाल-खोबऱ्याच्या ताटात ठेवणार, आणि ताट घेऊन बाहेर पडणार. कंपनीचा शिपाई दारात होता, पण तो गारगोटीकडचा, आमच्याच भागातला. त्यानं ताट बघून चप्पल काढली आणि नमस्कार केला.

मी सम्राटला हाक मारली. त्याला काही लपवायचं नव्हतंच.

"वैनींनी ताट भाईर नेलं की मगच म्या मोजाय घेतो, काका. ती आपल्यात धरली तर देवाला पुस्तक इकल्यागत हुईल की."

कंपनीनं चिकटपट्ट्या लावल्या, शिपाई बसवला, खराब प्रती समोर फाडून घेतल्या. पण कोल्हापुरात मोजायला सुरुवात कुठून करतात हे त्यांनी विचारलं नाही. आणि आमच्या लोकांना ते सांगायची गोष्ट वाटली नाही.

अप्पांना मात्र भलतीच शंका आली. "मग काय, देवानं फोटो काढला?" ते म्हणाले.

६

गुरुवारी दुपारी गंगव्वा आणि मी डोंगरावर गेलो. यात्रा तोंडावर आलेली, त्यामुळे वाटेवर सासनकाठ्यांच्या, देवाच्या त्या उंच निशाणांच्या, तयारीची गडबड होती आणि पायऱ्या, भिंती, कुत्री, सगळं गुलाबी झालं होतं. शेट्यांच्या घराण्याचे गुरव मंडपातच भेटले.

"वाहिल्यालं आमी परत देत न्हाई," ते म्हणाले. "आणि देवाच्या पायाला लागल्यालं पुस्तक टाकायचं तरी कसं? माझ्या घरात जागा न्हाई. पुस्तकं धोंडुबाईकडं ऱ्हात्यात."

धोंडुबाईचं दुकान पायऱ्यांच्या वळणावर. गुलाल, खोबरं, दवणा, नारळ. आत अंधार होता. डोळे सरावले तेव्हा नारळांच्या पोत्यांमागे मला एक फळी दिसली, तिच्यावर दुसरी, मग तिसरी, आणि मी तिथंच उभा राहिलो.

शेट्यांच्या छापखान्यातून आजवर बाहेर पडलेल्या प्रत्येक पुस्तकाची पहिली प्रत तिथं होती. भजनांच्या पोथ्या, दहावीची मार्गदर्शकं, पैलवानांच्या आठवणी, त्या आमदाराचं आत्मचरित्र. सगळ्यांच्या कडा गुलाबी. पानं हाताळून मऊ झालेली. डोंगरावरचं अख्खं गाव ही पुस्तकं इथून नेत होतं, वाचत होतं आणि आणून ठेवत होतं. शहरात पुस्तकाचं प्रकाशन होण्याआधी इथं त्याची पारायणं झालेली असत! आजवर त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही, कारण आजवर कुणी पुस्तक लपवून ठेवलं नव्हतं.

"‘कृत्तिका’ कुठाय?" मी विचारलं.

"ती कोतवालाच्या सुनेकडं गेलीया. तुमचा नंबर मागनं," धोंडुबाई म्हणाल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, कपाळावर मोठं कुंकू आणि हात मनगटापर्यंत गुलाबी. "पावणं, तुमी बी बघता काय ती मालिका? खाणीत चंद्राचं काम चाललंतं तवा त्या टोपीवाल्यास्नी चहा म्याच देत हुते."

मी फोनवरचा फोटो दाखवला. "हा कुणी काढला?"

"म्या," धोंडुबाई म्हणाल्या. "का? नीट न्हाई आला?"

गंगव्वांनी कपाळाला हात लावला. धोंडुबाईंना त्यांचं काय चुकलं हे कळेना. त्यांची धाकटी बहीण विठाबाई शाहूवाडीत दिलेली. वळवाच्या पावसात तिकडच्या तारा तुटल्या होत्या आणि वाडीत वीज नव्हती.

"इठाबाई फोनवर रडाय लागली. म्हणाली, आक्का, आयतवारी बी लाईट आली न्हाई तर मला रेवतीचं काय हुतंय कळायचंच न्हाई. वरीसभर बघितलंय तिनं. मग म्या खूण म्हणून दवणा घातल्यालं ते पान उघडलं आणि धाडलं. आता तिच्या सुनेनं ते बचत गटात टाकलं, त्याला म्या काय करू?" मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "पुस्तक देवाचं हाय. परसाद वाटला तर चोरी हुती व्हय?"

चोर सापडला होता आणि त्याला पकडावं असं मला अजिबात वाटत नव्हतं. पण पान प्रकाशकाच्या घरातून बाहेर पडलं होतं, हे आता निश्चित झालं होतं.

७

संध्याकाळी अप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"कृष्णात," ते म्हणाले, "हे आपल्यातच ऱ्हाऊ दे."

"म्हणजे?"

"पुढची पुस्तकं गेली तर दुसरं यंत्र घ्यायचं ऱ्हातंय. सम्राटच्या हाताखाली चार माणसं हाईत. क्रांतीचं काय, तिचं वय हाय. तिला मी दुसरं पुस्तक देतो. त्यावर नाव घालतो, मोठ्या अक्षरात."

माझा संताप अनावर झाला. "अप्पा, दहा वर्षं तिला हेच सांगितलंय सगळ्यांनी. पुढच्या खेपेला! तुम्हीसुद्धा सांगितलंय. तिच्या हातची पुस्तकं विकून तुम्ही छापखाना चालवलात, आणि आज तिच्यावर आळ आलाय तो तुमच्या घरचा आहे."

अप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. मला वाटलं, संपलं. या माणसाशी माझी इतक्या वर्षांची मैत्री आज इथंच संपली.

गंगव्वा आतून आल्या. त्यांनी टेबलावरचा फोन उचलला आणि नवऱ्यापुढे धरला.

"हेळ्री," त्या कानडीत म्हणाल्या. सांगा. मग माझ्याही कानावर जावं म्हणून मराठीत म्हणाल्या, "देवाला प्रत म्या दिली. त्याचं माप त्या पोरीच्या पदरात घालायला जोतिबानं सांगितलं न्हाई."

अप्पांनी फोन घेतला.

टिपणिसांना आधी ते खोटंच वाटलं. "देव? कुठला देव?" असं ते इतक्या मोठ्यानं विचारत होते की मला पलीकडून ऐकू आलं. अप्पांनी सगळं सांगितलं, ताट, शिपायाचा नमस्कार, दुकान, शाहूवाडी. काही लपवलं नाही.

"म्हणजे पान तुमच्याकडून गेलं," टिपणीस म्हणाले. "पुढची पुस्तकं दुसरीकडे जातील, शेटेसाहेब. करार आहे."

"जाऊ देत," अप्पा म्हणाले. "नवी वेष्टनं मी छापणार न्हाई. हाईत तीच ऱ्हातील. नाव बी तेच ऱ्हाईल."

फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता तू जा घरी. मला तुझा राग आलाय." मी हसत बाहेर पडलो आणि पहिला फोन क्रांतीला केला. तिनं सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे वेष्टन तेच?"

८

रविवारी संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं. शेवट सगळ्यांना कळलेला होता, तरी सगळे आले. त्यावरून टिपणिसांनी काही शिकावं असं मला वाटत होतं, पण ते पहिल्या रांगेत तोंड पाडून बसले होते. पडद्यावर दार बंद झालं आणि निम्मं सभागृह नाक ओढायला लागलं. मग दिवे लागले, प्रकाशन झालं, आणि अप्पांनी क्रांतीच्या हातात तिचं पुस्तक दिलं. तिनं वेष्टन पाहिलं आणि पटकन उलटं करून छातीशी धरलं.

भाषणं सुरू होणार इतक्यात मागच्या रांगेतून आवाज आला.

"कोण ती लिवणारी? उभी ऱ्हा बगू!"

धोंडुबाई. डोंगरावरच्या पाचसहा बायकांना घेऊन त्या एसटीनं आल्या होत्या. गंगव्वांनीच बोलावलं होतं हे मला मागाहून कळलं. क्रांती उभी राहिली.

"तू व्हय? मग मला सांग, त्या पोरीला एकटीला मागं का ठिवलीस? तीन गडी सुटलं, त्यातल्या एकाला बी लाज वाटली न्हाई? माझी भण तिकडं चार दिस जेवली न्हाई. बाईमाणूस असून तुला असं लिववलं कसं?"

टिपणीस घाईघाईनं उठले आणि त्यांनी माइक ओढून घेतला. "आजी, शेवट कंपनीनं ठरवला होता. यांनी फक्त तो लिहून काढला. यांचा त्यात काही दोष नाही."

बुधवारी तिच्यावर आळ घेणारा हा माणूस आता तिला निर्दोष ठरवत होता. मी क्रांतीकडे पाहिलं. ती मान हलवून सुटू शकली असती. तिनं त्यांच्या हातातला माइक काढून घेतला.

"पुस्तकातलं सगळं मी लिहिलंय," ती म्हणाली. "दोष असला तर माझा आहे. विचारा, आज्जी."

"इचारलंय की. तूच सांग आता."

क्रांतीनं माइक टेबलावर ठेवला. ती व्यासपीठावरून उतरून थेट मागच्या रांगेत गेली, धोंडुबाईंसमोर खुर्ची ओढून बसली आणि रेवती मागं का राहिली ते सांगायला लागली.